बिनखळीचं पोलकं

१५ एप्रिल, बुधवार
सकाळी नऊलाच अंगण तापलं. भोवतीच्या चिऱ्याच्या गडग्यावर हात ठेववत नाही.
सुधा, माझी धाकटी जाऊ, गाऊनवर टॉवेल टाकून फाटकाशी मासळीवालीशी बोलत उभी. गौरीचं लग्न पंचवीस दिवसांवर आणि नवरीच्या आईचा हा अवतार. माडीवरून खाली उतरून बोलले. म्हटलं, उन्हाळा सगळ्यांनाच आहे. एकतीस वर्षं शाळेत खळीची साडी नेसून उभी राहिले, मेले नाही. ती टॉवेल सारखा करून आत गेली. बांगडे न घेताच.

१६ एप्रिल
दुपारी गौरी वर आली. दार लोटून घेतलं. आईला नागीण उठली आहे म्हणाली. डाव्या कुशीला, पाठीपासून छातीखालपर्यंत. बारा दिवस झाले. फोड सुकत आलेत, पण कापड नुसतं टेकलं तरी आग होते. त्यात हा घाम.
"तुम्हाला सांगू नको म्हणाली होती, काकू."
का? तर मी रागवेन. नागीण झाली म्हणून मी रागवेन, इतकी मी...
असो. काल फाटकाशी बोलले ते परत घेता येत नाही.

१८ एप्रिल
खाली जाऊन बसले. सुधा पंख्याखाली उजव्या कुशीवर. डॉक्टर म्हणालेत, फोड गेले तरी दुखणं काही महिने राहू शकतं. कपडे मऊ, सैल घाला. शेजारणींनी भलतंच डोक्यात घातलंय, नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की संपलं. म्हटलं, तसं काही नसतं. त्यावर हसली. तिची भीती वेगळीच.
"हॉलभर माणसं आणि नवरीची आई गाऊनमध्ये? त्यापेक्षा कन्यादानाला आमचे दादा-वहिनी बसतील. मी खोलीत थांबेन."
दादा म्हणजे तिचा पुण्याचा भाऊ. त्याला फोनही करून झालाय. एकुलती लेक, आणि हिनं खोलीत थांबायचं. गौरीचे वडील, विनायकभावजी, खिडकीतून कलमांकडे बघत राहिले, जणू आंबे मोजतायत.
मी म्हटलं, तू बसशील. नीटनेटकी बसशील. कसं ते मी बघते.

२१ एप्रिल
माझी आकाशी मलमल काढली. इतकं हलकं कापड घरात दुसरं नाही. धुतली, पेजेच्या निवळीची खळ घातली, इस्त्री केली. खाली नेऊन स्वतः नेसवली. निऱ्या सुरीसारख्या. सुधा आरशासमोर ताठ उभी राहिली. "छान वाटतंय, वहिनी."
प्रश्न सुटला.

२२ एप्रिल
सुटला नाही. मी जिना चढेपर्यंत सुधा साडीत उभी होती, मग न्हाणीघरात जाऊन रडली. गौरीनं सांगितलं. खळ. मलमलीचा मी पत्रा केला होता. सैल, मऊ एवढं डॉक्टरनं सांगितलेलं. मी मऊ कापड घेतलं आणि घरच्या सवयीनं कडक केलं. खळीशिवायचं कापड मला कापडच वाटत नाही.
आणि ती म्हणाली छान वाटतंय. एकोणतीस वर्षं ती मला हेच सांगत आली आहे. आणखी कशाकशाला म्हणाली असेल?

२५ एप्रिल
दुपारी दीड तास लाईट नाही. माडी म्हणजे भट्टी.
ट्रंक उघडली. यांची पूजेची धोतरं, सहा. हे जाऊन नऊ वर्षं झाली. धुऊन धुऊन सायीसारखी झालेली. डोळे मिटून गालाला लावून बघितलं, जाणवतच नाही. कात्री लावताना हात थांबला. मग म्हटलं, ट्रंकेत राहून काय करणार आहेत.
पोलकं बेतलं. कंबरेखाली चार बोटं, बाही कोपरापर्यंत सैल. हूक नाहीत, उजव्या कुशीला बांधायचे बंद. शिवणी सगळ्या बाहेरच्या अंगाला, वरून जांभळ्या मलमलीचा थर, सुधासाठी नवी साडी आणलीय तिच्यातलाच, म्हणजे शिवण झाकली जाईल आणि अंगाला फक्त धोतर लागेल. मापासाठी एक जुनाट कापडाचं आधी मलाच शिवलं. घालून स्वयंपाक केला. वारा आतून फिरतो. घामोळं उठलेलं ते शांत. एकतीस वर्षं मी उगाच...

२८ एप्रिल
पोलकं बसलं. सुधाला विचारलं, खरं सांग. "बरंय." बरंय म्हणजे किती? "बरंय, वहिनी." घड्याळ लावून अर्धा तास समोर बसले. चेहरा बघत होते. खरंच बरं असावं.
अडचण पदराची. पदर डाव्या खांद्यावर, दुखणं डाव्या कुशीत. येता जाता घासणार. मग सगळंच उलटं करायचं, निऱ्या उलट्या, पदर उजव्या खांद्यावर. आधी स्वतः नेसून बघितलं. पन्नास वर्षांची सवय, हात ऐकत नाहीत. तिसऱ्या वेळी जमलं. गौरी खदाखदा हसत होती. सुधापण हसली, मग कूस धरून बसली. हसलं तरी दुखतं.

२ मे
जांभळी मलमल सुरेख, पण लग्नात साधी दिसेल. गौरीनं घरातल्या सगळ्या बायकांना एका रंगाच्या साड्या घेतल्यात, राणी रंग, चकचकीत, हात लावला तर प्लास्टिक. मलाही एक. सुधाला वाटतंय, आपल्यामुळे लेकीचा फोटो बिघडणार. गौरी तिथेच उभी होती. म्हणाली, "मला फोटोत आई पाहिजे. रंगाचं काय घेऊन बसलीस!" पोरगी शहाणी आहे.
सुधानं आपणहून तिचा लग्नातला शालू काढून दिला. घडीवर विरलाय, पण हिरवे काठ शाबूत. "काठ काढून लावा." विचारलं, कापू? "कापा म्हटलं ना."
चक्क चिडली माझ्यावर. मला बरं वाटलं.

६ मे
काठ लावले. जरीची उलटी बाजू टोचते, म्हणून मागून धोतराची पट्टी. सुधा दुपारभर नेसून वावरली. सव्वा तासानं सोडली. कन्यादानाला आणि पुढच्या विधीला पाऊण तास तरी, शेजारी होम, अंगावर धूर आणि धग. हिशेब जमतो. पण कालची रात्र तिनं बसून काढली. दुखणं हिशेबानं येत नाही.

९ मे
उद्या नेसायची माझी पांढरी, निळ्या काठाची धुतली. पेज गाळून ठेवली होती. झाडाला ओतली.

१० मे, रविवार, स. ६.४०
गाडी सातला. देवरूखला मुहूर्त ११.४०. हॉलला एसी नाही.
सुधाला नेसवली. हॉलला पोचलं की खोलीत सोडून ठेवायची, मुहूर्ताआधी मी पुन्हा नेसवीन. जांभळी मलमल, हिरवे काठ, पदर उजवीकडे, अंबाड्यावर अबोलीचा वळेसर. आरशात बराच वेळ बघत राहिली. विनायकभावजी दारात आले, तसेच परत गेले, आणि पडवीत नाक शिंकरल्याचं ऐकू आलं.
मी डावीकडची निरी सारखी करायला हात लावला.
"वहिनी, हात काढा. खुपतंय."
काढला. स्वतःच्या आवाजानं तीच दचकली. म्हटलं, असंच सांगायचं. तिथेही, भटजींनासुद्धा.
बसवेल की नाही तिलाच माहीत नाही. रात्री पुन्हा आग झाली होती. तिच्या दादा-वहिनींना सांगून ठेवलंय, ती उठली तर त्यांनी बसायचं. मी तिच्या मागेच खुर्ची घेणार, वाळ्याच्या पंख्यासकट. विधवेनं इतकं पुढे बसू नये असं कोणी म्हणालं तर म्हणू दे.
माझी साडी आत्ताच गुडघ्याशी चुरगळली. तीनदा सारखी केली. आता राहू दे.
हॉर्न वाजतोय. खिडकीतून दिसतेय सुधा, अंगणातून सावकाश चाललेली, डावा हात अंगापासून जरा लांब धरून. पंखा घेतला की मीही निघते.