पाया कोणी घातला

४ जानेवारी
आजपासून संशोधन. आमच्या वाचनालयाला पंचाहत्तर वर्षं होताहेत, त्याचा इतिहास लिहायचं काम कमिटीने माझ्यावर सोपवलंय. (दुसऱ्या कोणी हात वर केला नाही, पण तो मुद्दा वेगळा.) बारा पानं, मार्चअखेर. हॉलमध्ये संस्थापकांचा फोटो लागणार. संस्थापक कोण, ते मी शोधायचं. मला लहानपणापासून माहीत आहे. वडील नेहमी सांगायचे, वाचनालयाचा पाया तुझ्या आजोबांनी घातला. आता फक्त पुरावा हवा.
निश्चय : निःपक्षपाती राहायचं.

५ जानेवारी
‘संदर्भ कसे पारखावेत’ हा चार आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स घेतला. दुप्पट स्पीडवर लावून जेवणाआधी संपवला. सर्टिफिकेटवर माझं नाव चुकलंय, बाकी सगळं अधिकृत वाटतं. सार : कोणी लिहिलं, कधी लिहिलं, कशावरून लिहिलं. वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, हेच तीन प्रश्न जरा गीझरवाल्याच्या बिलाला विचारा.

९ जानेवारी
मेव्हणा येऊन गेला. त्याच्या आजोबांचा फोटो शाळेत लागलाय हे एकवीस वर्षं ऐकतोय, आज परत ऐकलं.  एप्रिलमध्ये मी बोलेन.

१२ जानेवारी
आत्याचे तीन फोन. वय चौऱ्याऐंशी. आजोबांबद्दल काही सांगायचंय म्हणते. आठवणी फसव्या असतात, हे कोर्समध्ये स्पष्ट होतं. शिवाय ती सुरू झाली की दोन तास थांबत नाही. म्हटलं, मार्चमध्ये बघू. तिने हिच्याबरोबर आजोबांचा एकुलता एक फोटो आणि त्यांची एक वस्तू पाठवली : पितळेची, जड, खाली टोक, वर दोरी ओवलेली. संस्थापकाचं पेपरवेट! टोकामुळे कलंडतं. त्या काळी डिझाइनचा विचार कमी असावा.

१९ जानेवारी, सकाळी ११
घबाड! पंचवीस वर्षांपूर्वीच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत निनावी लेख : वाचनालयाचा पाया माझ्या आजोबांनी घातला, त्यांनीच या ज्ञानमंदिराची मुहुर्तमेढ रोवली. भाषा ओघवती, विचार प्रगल्भ. लेखक कोण ते कळत नाही, पण माणूस भरवशाचा वाटतो.

३ फेब्रुवारी
आणखी दोन! एका साप्ताहिकातलं कात्रण आणि एक वेबसाइट. तिन्हींचं म्हणणं एकच. इतकंच नव्हे, तिन्ही ठिकाणी ‘मुहुर्तमेढ’मधला ‘हु’सुद्धा ऱ्हस्व! अशी एकवाक्यता इतिहासात क्वचित सापडते.
ग्रंथपालबाईंना दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं की हे तीन पुरावे आहेत, की एकच तीनदा. बाई हुशार आहेत, पण कोर्स केलेला नाही.

१० फेब्रुवारी
फ्रेम टाकली. खाली पितळी पट्टी, ‘आद्य संस्थापक’. फोटोत आजोबांच्या कपड्यांवर पांढरे डाग आहेत. बुरशी असणार. फ्रेमवाल्याला साफ करायला सांगितले. तो म्हणाला, डाग फोटोवर नाहीत, फोटोत आहेत. कारागिरांना तंत्रज्ञान समजत नाही.

११ फेब्रुवारी ते २७ फेब्रुवारी
लेखन. पान एक पूर्ण.

२ मार्च
ग्रंथपालबाईंनी बोलावलं. हातात चिठ्ठी देऊन म्हणाल्या, जरा ‘मुहूर्तमेढ’ लिहा. लिहिलं. बाईंनी त्यातला ऱ्हस्व ‘हु’ बघितला आणि जुनी फाईल पुढे ठेवली. स्मरणिकेच्या त्या लेखाचं हस्तलिखित. निळी शाई. खाली माझी सही.
साप्ताहिकाने स्मरणिकेतून घेतलं होतं, वेबसाइटने साप्ताहिकातून.
घरी येताना विचार केला : स्वतःचं लिखाण स्वतः न ओळखणं हा निःपक्षपातीपणाचा कळस आहे. हिला सांगितलं. ही बराच वेळ हसली.

५ मार्च
बाईंना पहिल्या वर्षाचं इतिवृत्त सापडलं. संस्थापक सात जण, सगळ्यांच्या सह्या. आजोबा त्यात नाहीत. मी तीनदा बघितलं. पुढच्या पानावर : ‘पाया घातला. पूर्वेकडील बाजू दोन बोटे तिरकी भरली, सबब गवंड्यास सांगून उकरून पुन्हा घातला.’ गवंड्याचं नाव नाही.
बाईंनी विचारलं, आजोबा काय करायचे? म्हटलं, बांधकाम क्षेत्रात होते. मग माझं मलाच ऐकू आलं.

६ मार्च
आत्याकडे गेलो. इतिवृत्ताबद्दल अवाक्षर काढलं नाही. फक्त विचारलं, पाया घातला म्हणजे काय गं?
ती म्हणाली, म्हणजे काय म्हणजे? खणला, दगड भरले, चुना ओतला. मी नऊ वर्षांची, पाणी नेऊन द्यायचे. पूर्वेची बाजू दोन बोटं तिरकी गेली रे. सगळी उकरावी लागली. दादा, म्हणजे तुझे आजोबा, दोन दिवस जेवले नाहीत, ओळंबा हातात घेऊन नुसते बसून होते. मग विचारलं, तो ओळंबा तुला पाठवला होता, मिळाला ना?
मी म्हटलं, मिळाला. वापरात आहे.
ती म्हणाली, जानेवारीपासून हेच सांगायला फोन करत होते.
 लाज वाटली. आजोबांची नाही, माझी.

७ मार्च
बाईंना सांगितलं. त्यांनी तीन प्रश्न विचारले. माझेच, लाल शाईतले. वर आणखी दोन : दोन बोटांचं आत्याला आधी कोणी वाचून दाखवलं होतं का? नाही. तिला वाचता येतं का? नाही. मग बाई म्हणाल्या, आता दोन पुरावे झाले.

२८ मार्च
स्मरणिका आली. इतिहास बाईंनी लिहिलाय. मी लिहिली ती फक्त पान चारवरची तळटीप दोन : ‘गवंड्याचे नाव त्यांच्या कन्येने (वय ८४) तोंडी सांगितले. तिने दिलेला तपशील इतिवृत्ताशी जुळतो.’ पुढे आजोबांचं नाव. गवंडी म्हणून छापलेलं, पहिल्यांदा. माझं कुठेच नाही.
हॉलमध्ये सात फोटो लागले. आठवा घरी आणला. पट्टी काढायला लावली, डाग तसेच ठेवायला सांगितले. मेव्हण्याला अजून कळवलेलं नाही.
संध्याकाळी भिंतीवर लावला. आत्या खुर्चीत बसून बघत होती. म्हणाली, तिरका आहे. मी म्हटलं, नाही गं, मी नीट बघून लावलाय. तिने टेबलाकडे बोट दाखवलं. कागदांवरून ओळंबा उचलला, फ्रेमशेजारी दोरी धरली.
दोन बोटं.
काढला. पुन्हा लावला.