जड स्टिअरिंगची गाडी

तीर्थस्वरूप जयवंताआक्का यांस,

धाकट्या भावजयीचा, म्हणजे पुष्पलतेचा, वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत ते कळवावे, पण नुसते "बरे हायेत" असे कळवू नये. ओटा चढताना भिंत धरावी लागते की नाही, ते स्पष्ट सांगावे. डोळ्यांत थेंब घालता का? (घालत नाही, हे मला माहीत आहे. बाटली देवघरात ठेवली म्हणजे औषध लागू पडत नाही.) इकडे नागपूर असे तापले आहे की दुपारी नळाखाली पातेले धरून त्यात चहापत्ती तेवढी टाकायची बाकी असते. माझी प्रकृती उत्तम आहे.

आता गाडीचे. आपली पांढरी गाडी फेब्रुवारीत भंगारात गेली, तेव्हा तुम्ही फोनवर म्हणालात, "बरं झालं वं, आता नवी घे आन् पारशिवनीले ये." तुमच्या बोलण्यात सगळे सोपे असते. इकडे सुशीलने पुण्याहून जाहीर केले की आई, तुझ्या वयाला आता गाडी कशाला, मोबाईलवरून टॅक्सी मागवत जा. आयुष्यभर मुलींना बल, घर्षण आणि गती शिकवलेल्या बाईने मागच्या सीटवर हात मांडीवर ठेवून बसायचे, वरमायेसारखे! मी फोन ठेवला. पर्स घेतली आणि वर्धा रोडवरचे शोरूम गाठले.

तिथे रितिका नावाची एक मुलगी गाड्या दाखवते. मे महिन्यात काळा कोट घालून हसते, यावरून तिची सहनशक्ती समजावी. तिने मला काकू म्हटले. मी तिला सांगितले की मॅडम म्हणावे. मुलगी आज्ञाधारक निघाली. तेव्हापासून ती मला "काकू-मॅडम" म्हणते. गाडी एकच, पण तिचे दोन प्रकार, असे तिने समजावले: एक साधा आणि एक स्पोर्टी. स्पोर्टीचे छप्पर काळे, सीटला लाल शिलाई, मागे धुराड्याचे दोन पाइप (त्यातला एक नुसता शोभेचा, मी वाकून पाहिले). आणि स्टिअरिंगही वेगळे, जरा वजनदार लागते, असे ती शेवटी सहज म्हणाली. मी म्हटले, बाई, एवढेच आधी सांगायचे. शिलाई राहू दे. मला स्टिअरिंग दाखव.

आधी साधी गाडी चालवायला घेतली. शेजारी दुर्गेश नावाचा त्यांचा माणूस बसला. स्टिअरिंग कसे, तर नव्या जावयासारखे. म्हणाल तिकडे वळते, पण मनात काय आहे ते कळू देत नाही. चाक खड्ड्यात गेले ते मला कानाने कळले, हाताला पत्ताच नाही. माझ्या हाताला सवय आपल्या जुन्या गाडीची, तिला पॉवर स्टिअरिंग कुठले! पहिल्याच वळणावर मी सवयीने जोर लावला आणि गाडी रस्ता सोडून थेट टरबुजांच्या ढिगाकडे निघाली. वीतभर अंतरावर थांबली. टरबूजवाला जागचा हललासुद्धा नाही. म्हणाला, "उतरू नका बाई, तिथूनच सांगा, लाल पाहिजे का गोड?" दुर्गेशने कपाळाचा घाम पुसला. "मॅडम, काहून एवढा जोर लावून राहिल्या? हे पॉवर स्टिअरिंग हाय, हापशी नाही." एक टरबूज घ्यावे लागले. पांढरे निघाले.

मग स्पोर्टी घेतली. आक्का, बसल्याबसल्या स्टिअरिंग वळवून पाहिले आणि हात जागीच थबकले. जड! वळवायचे तर खांद्याला विचारावे लागत होते. रस्त्याला लागले तसा रस्ता हातात यायला लागला. कुठे डांबर नवे, कुठे ठिगळ, कुठे नुसती खडी, सगळे तळहाताला कळत होते. तुमच्या भावाने मला गाडी शिकवली ती हिंगण्याच्या रस्त्यावर. सुटीच्या दिवशी तिथल्या कारखान्यांच्या बसगाड्या नसत, म्हणून तिथे. त्यांनी कधी स्टिअरिंगला हात लावला नाही (लावला असता तर मी गाडीतून उतरले असते). फक्त म्हणायचे, "आवळू नको पुष्पा. रस्ता काय म्हणून राहिला ते हाताले आयकू दे." मी म्हणायचे, रस्ता काही म्हणत नसतो, ती कंपने असतात. ते म्हणायचे, "बरं, तुही कंपनं काय म्हणून राहिली ते आयक." ते गेले त्याला दोन वर्षे झाली, आणि परवा वर्धा रोडवर मी ऐकत होते. किती वेळ ते ठाऊक नाही. शेवटी दुर्गेश अगदी हळू म्हणाला, "मॅडम, शोरूम तर मागेच राहिलं. बुटीबोरीत काही काम हाय का?"

परत येऊन मी रितिकेला उभ्याउभ्या धडा दिला. साध्या गाडीत विजेची मोटर तुमच्या वाटचे सगळे काम करून टाकते, स्पोर्टीत थोडे तुमच्यासाठी ठेवते, आणि माणसाला काही काम उरले पाहिजे. ती म्हणाली, "हो काकू-मॅडम." स्पोर्टी नक्की केली. सुशील फोनवर हसत सुटला, "अगं आई, ती रेस लावणाऱ्या पोरांची गाडी आहे!" मी म्हटले, त्यांना वेग हवा असतो, मला वजन हवे आहे. मग त्याचे हसणे थांबले. त्यालाही त्याचे बाबा आठवले असावेत. फोन मात्र दोघांनीही ठेवला नाही.

वाळवणे उन्हातून वेळेवर काढावीत, स्वतःही वेळेवर सावलीत यावे. कळावे, लोभ आहेच, तो फोनवर ओरडून न दाखवता असू द्यावा.

तुमची,
पुष्पलता

ता. क. पत्र पाकिटात घालणार तोच शोरूममधून फोन आला. स्पोर्टी गाडी बाहेर उन्हात उभी असते, म्हणून दुर्गेशने तिच्या पुढच्या दोन्ही चाकांतली थोडी हवा काढून ठेवली होती. "उन्हाने हवा फुगते न मॅडम, टायर फुटते." चाके बसली की स्टिअरिंग जड होणारच. तापमान वाढले की दाब वाढतो, हे मी फळ्यावर किती वेळा लिहिले असेल, आणि त्याच गाडीतून उतरून मी रितिकेला धडा देऊन आले! तशीच शोरूमला गेले आणि नीट हवा भरून घेऊन पुन्हा चालवली. दोन्ही गाड्यांत फरक आहे, नाही असे नाही. लोण्यात आणि तुपात असतो तेवढा. मी दुर्गेशला बाजूला घेऊन विचारले, पुन्हा थोडी हवा काढता येईल का. तो म्हणाला, "नाही मॅडम, धोका असते." बरोबर बोलला. मी शिकवलेली मुलगी असे विचारती, तर मी तिला वर्गाबाहेर उभी केली असती.

ता. क. २. गाडी तरीही तीच घेतली आहे. शुक्रवारी मिळेल. शनिवारी सकाळी मी पारशिवनीला येते. इतके दिवस न येण्याला खांदा, ऊन, गाडी जड, अशी कारणे तुम्हाला सांगत आले. आता गाडी हलकी झाली, काय सांगणार? रस्ता मला पाठ आहे. पण पारशिवनीचा फाटा आला की तुमचे भाऊ दर वेळी म्हणायचे, "आता डावीकडे घे." दर वेळी. जशी मी पहिल्यांदाच सासरी निघाले आहे. त्या फाट्यावर गाडीत कोणी काही बोलणार नाही, हे मला जमेल असे वाटत नाही. म्हणून तुम्ही ऑटोने फाट्यावर येऊन सावलीत उभे राहावे. हात हलवू नये, माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर असतील. मी काच खाली करेन. तुम्ही फक्त म्हणावे, "पुष्पा, आता डावीकडे घे." मी चिडेन. वाईट वाटून घेऊ नये.