विहीणबाई, तुमची लेक पळाली

सोमवार, ९ डिसेंबर

विहीणबाई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. माझा गुडघा आपल्या जागी आहे आणि आपल्या मर्जीनं दुखतो. चिरंजीव कामावर गेलेत, जाताना डबा विसरलेत. तुमची तब्येत बरी असेल असं धरून चालते, कारण फोन तर तुम्ही हल्ली माझाही उचलत नाही. म्हटलं, पत्रच टाकावं. पत्र आलं की माणूस फोडतोच.

बातमी अशी, की तुमची लेक काल दहा किलोमीटरची शर्यत पुरी करून आली. पदक मिळालं. पुरी करणाऱ्या सगळ्यांनाच देतात, हे चिरंजीवांनी मला लगेच सांगितलं. मी म्हटलं, मग तू का नाही आणलंस एखादं?

तुमचं-तिचं बोलणं बंद होऊन आठ महिने झाले, मला माहीत आहे. "दम्याची पोर तू! पळायचं असेल तर मला फोन करू नकोस," असं तुम्ही म्हणालात, आणि ती तुमचीच लेक, तिनं केला नाही. खाण तशी माती. मी कुणाची बाजू घेत नाही. लहानपणी तिला छातीशी उभं धरून तुम्ही किती रात्री काढल्यात, ते तिनंच मला सांगितलंय. तुमच्या जागी मी असते तर तिचे बूटच लपवले असते.

पण तुम्ही तिची तयारी पाहिली नाहीत हो. आधी डॉक्टरीणबाईंकडे गेली, तपासून घेतलं, त्यांनी हो म्हटल्यावरच बूट आणले. सकाळ-संध्याकाळचा पंप कधी चुकवला नाही. पळायच्या आधी दुसरा, तो निळा. गार वारा असला की नाकातोंडावर फडकं. शेजाऱ्यांनी पाचोळा पेटवला की त्या दिवशी पळणं बंद, आणि तेही तोंड वाकडं न करता. चष्म्याच्या दुकानात दिवसभर उभं राहून, काचा बसवून दमून यायची, तरी यातलं एक सोडलं नाही. मी जन्मभर शाळांचे गणवेश शिवले, माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावली नाही. पण इतकं मापात राहणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

काल उजाडता उजाडता आम्ही तिथे पोचलो. अगं बाई, काय ती गर्दी! मुंगी शिरायला जागा नाही. त्यात निम्मे लोक पोटऱ्यांवर तो दुखण्यावरचा फवारा मारत होते. मलाच ठसका लागला, तिचं काय! ती मुकाट्यानं मागे गेली, सगळ्यांत शेवटी, चालत जाणाऱ्या आजोबांच्या घोळक्यात. म्हणाली, "आई, वेळ लागला तर लागू दे, तो वास नको."

मग पळाली, पोचली, पदक मिळालं. संपली बातमी.

नाही, संपली नाही. मधलं गाळलं मी. गाळूनच पत्र पाठवायचं असं ठरवून बसले होते, पण ते काही जमत नाही. तर ऐका.

मी उड्डाणपुलाच्या उताराशी उभी होते. ती आली ती निम्म्या लोकांना मागे टाकून चांगली आली, मला हातसुद्धा केला. तेवढ्यात तिच्या पुढ्यातच एक धटिंगण थांबला आणि गुडघ्यावर फवारा मारत सुटला. सगळा तिच्या तोंडावर. चार पावलं गेली असेल नसेल, आणि तिचे खांदे वर चढले. तुम्हाला ठाऊक आहेत ते खांदे.

मागून लोंढा येतच होता. एकानं तिला धक्का दिला. दुसरा ओरडला, "चला ताई, हार मानायची नाही, पळा!" त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली मला. आणि आपली पोर काय करते? हात वर करून वाट काढत कडेला आली, फुटपाथवर ताठ बसली, कमरेची पिशवी उघडली, पंप हलवला, घेतला. थांबली. पुन्हा घेतला. घाबरली होती, डोळे भरले होते, पण एक गोष्ट चुकली नाही. मी धावत गेले तर मला हातानंच सांगितलं, बोलू नका. विहीणबाई, त्या रस्त्यावर पळणारे हजारो होते. वेळेवर थांबणारी मी एकच पाहिली. ऊर भरून आला माझा.

मग तिनं ओठांचा चंबू केला आणि गरम दुधावर घालावी तशी हळूहळू फुंकर सोडायला लागली. मी सहज मान वर केली, तर रस्त्याच्या पलीकडे एक बाई. डोक्यावरून शाल, भला मोठा काळा चष्मा, आणि ओठांचा तस्साच चंबू. ही श्वास घेई तेव्हा ती घेई, ही सोडी तेव्हा ती सोडी.

तो चष्मा सूनबाईनं स्वतः काचा बसवून तुम्हाला दिलाय. मी ओळखणार नाही होय?

मी पुढे सरसावून हाक मारली, "अहो विहीणबाई!" चार बायका वळल्या, तुम्ही नाही; आणि मागे डोळे मिटून श्वास मोजणाऱ्या सूनबाईला त्या गोंगाटात काहीच ऐकू गेलं नाही. मध्ये माणसांचा पूर, ओलांडणार कसा? तेवढ्यात मदत-केंद्रातली नर्स आली. तिनं छाती तपासली, बराच वेळ बसवून ठेवलं, पुन्हा तपासली आणि म्हणाली, "आता मोकळं आहे. पण चालत जा, पळायचं नाही." तेव्हा तुम्ही चष्मा वर करून डोळे पुसलेत. ती उठून चालायला लागली, आणि पलीकडून तुम्हीही तिच्या जोडीनं चालायला लागलात. पुढे गर्दीत दिसेनाशा झालात. शेवटपर्यंत गेलात ना? मला वाटतं, गेलातच.

तुम्हाला कळवलं कुणी, ते विचारायला नको. चिरंजीवांच्या तोंडात तीळ भिजत नाही. मी विषय काढला तर छताकडे बघायला लागले.

काल संध्याकाळी पदक टेबलावर ठेवून ती नुसती बसली होती. फोन हातात घेतला, परत ठेवला. मग मला म्हणाली, "आईनं एकदा तरी विचारायचं होतं, श्वास नीट चालतोय ना, एवढंच. तिनं सोडलंच मला."

माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं. हे सासूनं सांगायचं नसतं हो. तिला तिची आई हवी आहे, आईची बातमी नको. पण खरं सांगते, लेकाच्या तोंडात तीळ भिजत नाही ते काय हवेतून आलं? माझ्याही पोटात हे फार दिवस राहायचं नाही. तेव्हा घाई करा.

गुरुवारी तिला सुट्टी असते. चिरंजीव कामावर असतील. मी गुडघा दाखवायला जाणार आहे. गुडघ्याला नवीन काही झालेलं नाही, तरी जाणार आहे. तुम्ही बेल वाजवलीत तर दार तीच उघडेल. काय बोलावं सुचलं नाही तर फार शब्द शोधत बसू नका. एवढंच सांगा तिला, की मी होते तिथे.

रस्त्याच्या अलीकडे उभी होती ती,
तुमची विहीण