मळा वहिदाच्या नावावर

७ फेब्रुवारी २०११, कंधार

बिलालनं आज मळ्यात पायानं रेघ ओढली! विहिरीपासून बाभळीपर्यंत. "भाईजान, तुमच्या माघारी निम्मा वहिदाचा, निम्मा माझा. बांध इथून टाकू." हसत म्हणाला. सख्खा धाकटा भाऊ, मनात काही काळं नाही त्याच्या. शरियतनं बरोबरच आहे ते. एकुलत्या मुलीला अर्धं, उरलेलं भावाला.

पण मागच्या महिन्यातच छातीत कळ येऊन दवाखान्यात पडलो होतो. ती रेघ डोळ्यांपुढून हलत नाही. मास्तरकीच्या पगारावर घेतलेला मळा — वाडवडिलांचा नाही.

१० फेब्रुवारी

नांदेडला वकिलाकडे जाऊन आलो. "सलीमगुरुजी, जिवंतपणीच मुलीला हिबा करून टाका. बक्षीस. मग भावाला अडवता येत नाही. पण ताबा सोडावा लागेल. नुसत्या कागदावर हिबा टिकत नाही."

१३ फेब्रुवारी

वहिदाला फोन केला. लातूरला कोचिंग क्लासात जीवशास्त्र शिकवते. परीक्षा जवळ, रविवारीही सुट्टी नाही.

"चाचाला विचारलं, अब्बा?"

नाही म्हणालो. मग म्हणाली, "मला बाहेर कुणी काढलं होतं?"

जणू मी विसरलोय! त्र्याण्णवच्या भूकंपात तिचं आजोळचं घर पडलं. तिची अम्मी गेली. सहा वर्षांची ही दगडामातीखाली. मी तिच्या अम्मीपाशी बसलेलो, आणि बिलाल हातांनी दगड उपसत होता. त्याची नखं गेली.

सगळं खरं. पण बिलालनंतर त्याची मुलं. ती हिला बांधावर तरी उभी करतील का? बघायला मी नसणार.

"दस्तावर सही करायला ये," म्हणालो. आली तर बरं.

२ मार्च

झालं. दस्त नोंदवला. तोंडानंही म्हणा, असं वकिलानं सांगितलं. "हा मळा तुला दिला," म्हणालो. "कबूल," म्हणाली, मान खाली घालून. निकाहात म्हणतात तसं! हसू आलं, मग रडू.

मळ्यावर नेऊन विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीची किल्ली तिच्या हातात दिली. संध्याकाळच्या गाडीनं ती परत लातूरला.

३ मार्च

बिलालला मीच जाऊन सांगितलं. चहाचा कप खाली ठेवला त्यानं.

"मेरेकू पूछे बी नै, भाईजान?"

एवढंच. आत निघून गेला. त्याच्या बायकोनंही बस म्हटलं नाही.

११ मार्च

जुम्मा. बिलाल मागच्या रांगेत जाऊन उभा राहिला. आयुष्यभर माझ्या खांद्याला खांदा लावून नमाज पढलेला माणूस!

२० मार्च

मळ्याकडे जात नाही. मालकासारखं वावरू नका, असं वकिलानं बजावलंय. सकाळी चपला घालतो, दारापर्यंत जातो, काढून ठेवतो. हरभऱ्याची काढणी वहिदानं फोनवरूनच मजुरांना सांगितली. शिकते आहे. मला कुणी काही विचारलं नाही.

५ एप्रिल

वहिदाचा फोन. "क्लास सुरू होतोय अब्बा, नंतर करते." नंतर आला नाही. तिचा काय दोष!

१९ एप्रिल

सातबाऱ्यावर वहिदाचं नाव लावायच्या फेरफाराला हरकत घ्यायची मुदत संपली. बिलालनं घेतलीच नाही. तलाठी म्हणाला, "चांगलं झालं, गुरुजी."

कसलं चांगलं? हरकत घेतली असती तर तारखेला तरी समोर उभा राहिला असता. भांडला असता. मी त्याचा आवाज ऐकला असता.

२४ एप्रिल

आज कुणाशीच बोललो नाही.

१ मे

वहिदा न सांगता आली! पिशवी खाटेवर टाकली आणि सरळ चाचाकडे. मी उंबऱ्यात बसून राहिलो. चहा दोनदा गरम केला. परतली तेव्हा डोळे सुजलेले.

"काय म्हणाला?"

"ते चाचाचं आणि माझं आहे, अब्बा."

मीच परका! न जेवता आडवा झालो.

२ मे

सकाळी दारात ट्रॅक्टर. वर बिलाल, नजर समोर.

"मालकिणीनं मळा मला बटईनं, निम्म्या वाट्यानं कसायला दिलाय. अट एकच घातली — अब्बाला रोज संगं न्यायचं." मग हात पुढं केला. "चढा, भाईजान!"

चढलो.