शेवटचे तीन खळगे

४ ऑक्टोबर
"प्लेट उलटी भरलीस. डावखुरी ना तू!" — सर म्हणाले. सगळ्या प्रयोगशाळेसमोर! आणि बाकीचे फिदीफिदी हसले.

सतरा नंबरचं औषध विषाणूला पेशीला चिकटू देत नाही, हे सरांचं सहा वर्षांचं म्हणणं. विषाणूच्या अंगावरच्या प्रथिनाला जाऊन बसतं आणि त्याची पकडच सोडवतं. खरंय — मात्रा भरपूर असेल तर. कमी केली की विषाणू उलट जास्तच चिकटतोय. प्लेटच्या खळग्यांत डावीकडून उजवीकडे औषधाची मात्रा कमी करत जायची असते. मला हे दिसलं म्हणून माझी प्लेट उलटी!

५ ऑक्टोबर
पहिलीत बाईंनी याच हातावर पट्टी मारली होती. तेव्हा रडले होते. आता नाही रडणार.

७ ऑक्टोबर
पुन्हा केलं. प्लेटच्या कापलेल्या कोपऱ्यावर लाल खूण केली, म्हणजे बाजू चुकायला नको. शेजारच्या टेबलावरच्या तंत्रज्ञाला — उजव्या हाताच्या! — वेगळी प्लेट भरायला लावली. दोन्हींत तेच. कमी मात्रेच्या शेवटच्या तीन खळग्यांत विषाणू दुप्पट चिकटलेला.

सरांपुढे ठेवलं. बघितलंसुद्धा नाही. म्हणे, "शेवटचे तीन खळगे काढून टाक. अहवालात लिही, चिकटण्यावर परिणाम होतो."

परिणाम! काय सोयीचा शब्द. रोखलं तरी परिणाम, ओढून आणलं तरी परिणाम! माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "सर, पुढच्या महिन्यात चाचणीत याचा फवारा माणसांच्या नाकात जाणार. कुणी अर्धाच घेतला तर?"

ताडकन उठले आणि बाहेर निघून गेले.

८ ऑक्टोबर
राजीनामा लिहिला. डाव्या हाताने, ठसठशीत अक्षरात.

९ ऑक्टोबर
राजीनामा पर्समध्ये घेऊन गेले. सर आधीच येऊन माझ्या स्टुलावर बसलेले. समोर प्लेट. स्वतः भरलेली. कोपऱ्यावर माझ्यासारखीच लाल खूण. निकाल तोच.

"तीन आठवडे आई रोज घेतेय हा फवारा," माझ्याकडे न बघता म्हणाले. "मीच नेऊन दिला. नाकात झोंबतो म्हणून अर्धाच मारते."

मी पर्स खाली ठेवली.

"परवापासून ताप आहे तिला."