टायरची शेवटची चार बोटं

आक्काबाई,

"प्रिय लिहू का?" असं सूनबाईनं विचारलं. म्हटलं, थांब, आधी बोलू दे. सवतीच्या पत्रात पहिल्याच शब्दाला खोटं कशाला? मला अक्षर येत नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे. मी बोलते, कुसुम लिहिते, आणि लिहिता लिहिता माझं बोलणं तिच्या शाळेच्या भाषेत बसवते. तेवढं चालवून घ्या.

तुम्ही जाऊन दोन महिने झाले. आजच लिहायचं कारण म्हणजे ती सायकल. लढाईच्या या दिवसांत टायर मिळतो कुठं? आपल्या ह्यांनी अमरावतीच्या खेपांवर खेपा घातल्या, तेव्हा मागच्या चाकापुरता एक नवा मिळाला. लाकडासारखा कडक. काल दुपारी हे अंगणात चाक आडवं टाकून बसले. टायर सगळा चढला आणि नेहमीसारखी शेवटची चार बोटं रिमच्या बाहेर राहिली. मान वर न करता यांनी हाक मारली, "थोरले, ये वं जरा."

मग आपलं आपल्यालाच कळलं, तशी मान पुन्हा चाकात घातली. मी चुलीपुढून उठून गेले. म्हटलं, मी बसू का समोर?

"राहू दे. तुले नाही जमत थे."

ऐकलंत? माणूस गेलं तरी जागा काही सुटत नाही!

या घरात मला आणलं तुम्हीच. तुमची कूस उजवली नाही म्हणून मला पाहायला भातकुलीहून तुम्ही स्वतः आला होता, माझे हात उलटेसुलटे करून पाहिले होते. मला तीन मुलगे झाले. गावातल्या बायका म्हणायच्या, धाकटीनं नशीब काढलं. मलाही तसंच वाटायचं, सायकल घरात येईपर्यंत.

वांगी नि झेंडू लादून हे अमरावतीला जायचे. वाटेवर बाभळीचे काटे, म्हणजे आठवड्याला एक पंक्चर ठरलेलं. मग अंगणात चाक आडवं, एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला तुम्ही. रिठ्याचा फेस टायरच्या कडेला लावायचा, टाचा रिमवर रोवायच्या, आणि तुमचे ते दोन अंगठे! एक दाब, आणि टायर आत. माझ्याशी हे पोरांचं बोलायचे, ज्वारीचं बोलायचे. तुमच्याशी त्या चाकापाशी चकार शब्द बोलत नसत. तेच मला सलायचं. तुम्ही दोघं गप्प बसला की माझी भाकरी करपायची. दर वेळी करपते म्हणून बोलणी खाल्ली, कारण कोणाला सांगू?

एकदा लाज सोडून मी म्हटलं, मलाही दाखवा. तुम्ही काय म्हणालात? "तुह्या हाताची भाकर चांगली होते." करपलेली भाकर, आक्का! टोमणा होता का तो?

आता गेल्या दसऱ्याचं बोलते. कुसुम, हे नीट लिही.

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी हे तुम्हाला टायर चढवून ठेवायला सांगून बाहेर गेले. तुम्ही विहिरीवर होता. चाक एकटं पडलेलं पाहिलं आणि माझ्या मनात आलं, आज मीच चढवते. अंगठ्यानं हलेना. मग कोपऱ्यातलं माझं निंदायचं खुरपं घेतलं, कडेत घातलं आणि उचकलं. टायर बसला. इतका आनंद मला पहिला मुलगा झाला तेव्हाही झाला नसेल. आत ट्यूब चिमटली, तिला अर्धी चीर गेली, हे मला काय ठाऊक?

पहाटे हवा टिकली. अर्ध्या वाटेत ट्यूब फुटली. सगळा झेंडू उन्हात सुकला, बाजार उठून गेला, हे दुपारी सायकल ढकलत परत आले. आयुष्यात तुमच्यावर आवाज चढवला तो त्या एकाच दिवशी. तुम्ही ट्यूबची चीर पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणालात, "चुकलं माह्यं."

मी भाकरी थापत राहिले. खरं सांगते, आतून थोडं बरंही वाटलं. आणि संध्याकाळी पाहते, तर माझं खुरपं त्याच्या जागी, धुतलेलं. पात्यावरचा रबराचा काळा डाग राखेनं घासून काढलेला.

बोलला का नाहीत? दोन शिव्या दिल्या असत्या तर मी मोकळी झाले असते की!

काल हे हटेनात, मीही हटेना. बसले समोर. अंगठे दुखून आले, टायर जागचा हलला नाही. तेवढ्यात दारातून कुसुम म्हणाली, "आत्याबाई, आधी पलीकडची कड रिमच्या मधल्या खोलगटीत दाबा. मग इकडं ढील येते."

तुला कुणी शिकवलं? तर म्हणे, मोठ्या आत्याबाईंनी. माझ्या सुनेला शिकवलंत, मला नाही! अंगाची आग झाली. मग तिनं तुमचा निरोप सांगितला. "मी गेल्यावर धाकटीले सांगजो," असं तुम्ही म्हणाला होतात म्हणे. "मी हाये तोवर येवढं एक माह्याजवळ राहू दे."

माझ्याकडे तीन मुलगे होते, आक्का. तुमच्याकडे चार बोटं टायर. आणि मला तोही हवा होता.

पलीकडून दाबलं, रिठ्याचा फेस लावला, बसला टायर. हे म्हणाले, "थोरलीची रीत दिसते." मी हो म्हटलं. खुरप्याचं मात्र तोंडातून निघालं नाही.

दसरा जवळ आला आहे. पहिली झेंडूची खेप निघण्याआधी मी यांना सांगीन, ते खुरपं माझं होतं. ओरडू देत. तुमच्या वाट्याचं ओरडणं मी ऐकून घेईन, आणि पुढच्या वेळी टायर अडला की तुमच्याच जागेवर बसेन. त्याबद्दल मात्र मी माफी मागणार नाही.

कुसुम, आता वर "प्रिय" लिहिलंस तरी चालेल. नाही, राहू दे. त्यांना कळेल.

सही म्हणून अंगठा देते. टायरनं फोड आलाय, ठसा वाकडा उमटेल. तुम्ही ओळखाल.

तुमची,
धाकटी