सात पायांचा पक्षी

आई, परवा मामेबहिणीच्या मुलाच्या लग्नाला सौंसरला गेले होते. फोटोवाल्याने नुसत्या हार घालण्याचे इतके फोटो काढले की नवरदेवाने शेवटी हात खाली टाकले आणि म्हणाला, "भाऊ, आता घालू का खरंच?" सगळा मांडव हसला. मी मात्र सगळे थांबल्यावरही हसतच राहिले. शेजारच्या बाईंनी विचारलं, "काय झालं वो?" त्यांना काय सांगणार? आपल्या घरी एका रोलमध्ये उरलेल्या दोन-तीन फोटोंसाठी तू बाबांशी कशी भांडायचीस, हे त्यांना कुठून सुरू करून सांगू? तू गेलीस त्यालाही आता किती वर्षं झाली. तुला ओळखणारी माणसंही त्या मांडवात फारशी नव्हती. म्हणून घरी येऊन हे तुलाच लिहायला बसले.

बसस्टँडजवळचा आपला स्टुडिओ मला अजून जसाच्या तसा दिसतो. पुढच्या खोलीत महालाच्या जिन्याचा रंगवलेला पडदा, त्याच्यापुढे एक लाकडी खुर्ची, आणि पडद्यामागच्या दारातून आत आलं की थेट आपलं स्वयंपाकघर. धुतलेले फोटो तू तिथेच दोरीवर वाळत घालायचीस. फोडणी दिली की बाबा बाहेरून ओरडायचे, "अवं, गिऱ्हाइकाच्या फोटोले लसणाचा वास येऊन राहिला!" तू म्हणायचीस, "त मग बरंच हाय, जेवल्यासारखं वाटन त्याले." बायकांना बाबांपुढे बसायला संकोच वाटायचा, त्यांचे फोटो तूच काढायचीस. कॅमेरा तुला बाबांनीच शिकवला होता. पण त्या चौकटीत माणसाशिवाय दुसरं काही बसवायचं असतं, हे त्यांनी शिकवलं नव्हतं. ते तुझं तूच शोधलंस.

लग्नाहून आले की बाबांना रोल धुवायची घाई असायची. शेवटचे दोन-तीन फोटो उरले असले तर ते भिंतीवरच्या घड्याळाचे, नाही तर स्टुलाचे काढून रोल संपवून टाकायचे. एका उन्हाळ्यात तू त्यांच्या हातातून कॅमेरा काढून घेतलास. "घड्याळाचे किती फोटो काढसान? त्याचं काय लगन करायचं हाय?" असं म्हणालीस आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला घेऊन तलावावर निघालीस. लोधीखेड्याच्या रस्त्याने थोडं चालून संत्र्याच्या बागांमधून आत वळलं की तो तलाव लागायचा. एका अंगाला शिंगाड्याचे वेल आणि दुसरं अंग तसंच मोकळं, पाणवनस्पतींनी भरलेलं. तिथे जंगल खात्याने शिकारीला मनाई असल्याची पाटी लावली होती, म्हणून पाखरं निर्धास्त असायची. तू पहिला फोटो काढलास तो काठावरच्या बेशरमच्या फुलाचा. बाबांनी तो धुऊन पाहिला आणि कपाळाला हात लावला. "सारं रान पडलं हाय, अन् हिनं बेशरमचा फोटो काढला. लोक काय म्हंतीन?" पण ते फूल, आई, त्या काळ्या-पांढऱ्या कागदावर किती देखणं दिसत होतं! रोज गुरंही ज्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत, त्याच्या पाकळीवरच्या शिरासुद्धा मोजता येत होत्या.

मग ते सुरूच झालं. प्रत्येक रोलच्या शेपटीला तुझं काहीतरी असायचं. नवरी सासरी निघाली, की तिच्या पुढच्या चौकटीत बेडूक. एकदा तर लोधीखेड्याच्या एका अल्बममध्ये हळदीच्या फोटोंमध्ये तुझा चतुर चिकटवला गेला, लव्हाळ्याच्या टोकावर पंख पसरून बसलेला. नवरदेवाचे आजोबा अल्बम घेऊन दुकानात आले तेव्हा बाबांचा चेहरा उतरला. आजोबांनी पान उघडून बोट ठेवलं. "फोटोवाले, हा पाहुणा कोनाकडचा होता जी? आमी त वळखलं नाई." बाबा चाचरत म्हणाले, "चुकून आला जी, काढून देतो." तर म्हातारा अल्बम छातीशी धरून म्हणाला, "राहू द्या, राहू द्या. बिनबोलावता आला, अन् रुसला बी नाई. असा पाहुणा कोनाले भेटते?" तू पडद्याआडून ऐकत होतीस. पदर तोंडात कोंबून तू किती हसली होतीस! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

त्या पावसाळ्यातली गोष्ट मात्र वेगळी होती. पोळ्याच्या आधी तू एकटीच तलावावर जाऊन आलीस, ओल्या लुगड्यानेच स्वयंपाकघरात उभी राहिलीस आणि म्हणालीस, "मी आज लई पायाचा पक्षी पाह्यला." बाबा चहा पीत होते. पोळ्यासाठी पांढुर्ण्याहून आलेल्या आत्या ओट्याशी बसून वाल सोलत होत्या. बाबा म्हणाले, "किती पायाचा?" "मोजाले भेटलंच नाई. पंखाखालून नुसते पाय लटकून राहिले होते." बाबांनी कप खाली ठेवला. "पक्ष्याले दोनच पाय असते. तुले चष्मा लागला." तू ठासून म्हणालीस, "मी पाह्यलं." आत्यांनी मग मनातलं काढलंच. "वहिनी, राग नको मानू, पण गावात लोक म्हणून राहिले, फोटोवाल्याची बायको तलावात उतरते म्हणून." तू शांतपणे म्हणालीस, "त खरंच म्हणून राहिले ना, आक्का. उतरतोच मी."

बाबा हसले, पण तू हसली नाहीस. तुझ्या डोळ्यांवर कोणी विश्वास ठेवत नाही, हे तुला लागलं होतं. मला ते कळलं, कारण त्या दिवशी तू भाजीत मीठ घालायला विसरलीस. संध्याकाळी तू बाबांसमोर उभी राहिलीस आणि उरलेसुरले फोटो नाही, अख्खा रोल मागितलास. पावसाळ्यात लग्नं नसतात, दुकान थंड असतं, अशा दिवसांत पक्ष्यासाठी कोरा रोल मागणं म्हणजे काय, हे तुलाही माहीत होतं. बाबांनी उठून काचेच्या कपाटातून डबी काढून तुझ्या हातावर ठेवली. "घे. फोटो आणला त मानतो. नाई आणला त पुन्हा त्या पक्ष्याचं नाव काढायचं नाई." तू म्हणालीस, "अन् सकाळचा चहा? पोरायचा डबा?" बाबा म्हणाले, "ते मी पाहून घेतो. जा तू."

त्यांनी ते कसं पाहून घेतलं, हे तुला कधी नीट कळलंच नसेल. पोळ्या नकाशासारख्या व्हायच्या. धाकट्या भावाचा भांग ते पाणी लावून असा चापून पाडायचे की शाळेत त्याला सगळे मास्तर म्हणायचे. आत्या चार दिवस राहून पांढुर्ण्याला परत गेल्या, जाताना बाबांकडे आणि त्या करपलेल्या तव्याकडे बघून नुसत्या "देवा रे" म्हणाल्या. मी मात्र तुझ्याबरोबर असायचे. मला शाळा दुपारची होती, त्यामुळे छत्री धरायला तू मला नेत असायचीस. तलावात शिंगाडे लावणाऱ्या काकूंनी आपल्याला त्यांच्या डोंग्यात, त्या छोट्या होडीत, घेतलं होतं. पहिल्या दिवशी तू काष्टा घालून डोंग्यात पाय ठेवलास तेव्हा त्या म्हणाल्या, "बाई, शिंगाडे त अजून लागलेच नाई. तुमी काय तोडाले येऊन राहिल्या?" तू त्यांना पक्ष्याचं सांगितलंस. त्या वल्हं थांबवून विचारात पडल्या. "तो काळा, लांब बोटाचा? पानायवरून चालते तो? तो त रोजच राहते इथं. पण पाय कोन मोजते बाप्पा!"

ते सकाळचे तास आठवले की अजून अंगाला गारवा लागतो. पाण्यावर धुकं, कमळाच्या पानांवर थेंब, आणि त्यांच्यावरून तो पक्षी असा चालायचा की पान हलायचंसुद्धा नाही. डोळ्यावर पांढरी भुवई आणि पंखांवर तांब्याच्या भांड्याची झाक. त्याची पिलं म्हणजे पाय फुटलेले कापसाचे बोळे. आपल्याकडे लांबून फोटो काढायची लेन्स नव्हती, म्हणून जवळ जाणं भाग होतं. जवळ गेलं की तो दूर जायचा. तू कंटाळायची नाहीस. तो दूर गेला की तू त्या वेळात दुसरंच काही बघायचीस. पाण्यावर पळणारे किडे, पानाच्या पाठीला चिकटलेली अंडी, गवतात अडकलेलं कोळ्याचं जाळं. एक एक फोटो त्यांच्यावर जायचा आणि मी कळवळून म्हणायचे, "आई, रोल संपून जाईन!" तू म्हणायचीस, "त काय झालं? हेबी त वाटच पाहून राहिले."

आणि मग ती सकाळ. काकूंनी वल्हं वर घेतलं होतं आणि डोंगा आपोआप वेलांमध्ये सरकत होता. पक्षी आपल्या इतका जवळ होता की त्याच्या पायांची बोटं दिसत होती. पिलं इकडे-तिकडे पांगलेली. तेवढ्यात वरून घार गेली. तिची सावली पाण्यावरून सरकली, आणि पक्ष्याने एक बारीक आवाज काढला. सगळी पिलं धावत आली. तो गुडघे मोडून खाली बसला, पंख थोडे उचलले, पिलांना दोन्ही बाजूंनी आत घेतलं आणि उठून चालू लागला. काकूंच्या तोंडून "अगो माय" एवढंच निघालं. तुझ्या कॅमेऱ्याचा आवाज झाला. मग पुन्हा, आणि पुन्हा. नंतर पक्षी लव्हाळ्यात शिरला, आणि तू अचानक काकूंच्या गळ्यात पडलीस. डोंगा असा डगमगला की आपण तिघीही पाण्यात जायच्या बेतात होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोटो धुवायच्या खोलीच्या दाराच्या फटींत गोधडी कोंबून बाबांनी लाल दिवा लावला. मला आत येऊ दिलं, ते पहिल्यांदाच. पक्ष्याच्या पहिल्या दोन फोटोंत डोंगा हलल्यामुळे सगळं पुसट आलं होतं. बाबांनी तिसऱ्याचा मोठा कागद तयार केला आणि रसायनाच्या ट्रेमध्ये सोडला. आधी पक्ष्याचं काळं अंग उमटलं. मग पानं. मग त्याच्या पोटाखाली एक रेघ, दुसरी रेघ, तिसरी. तू पुढे वाकलीस. बाबांनी तुझा हात धरून थांबवलं. "थांब, मले मोजू दे." त्यांचं बोट कागदावरून हवेतच फिरत होतं. मोजून झाल्यावर त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मग त्यांनी तुझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "सात. दोन त्याचे, बाकी पिलायचे. बरोबर पाह्यलं तू. चष्मा मलेच पाह्यजे." मला आठवतं, तू त्यांच्या शर्टाच्या बाहीवर आपलं कपाळ टेकलंस, एवढंच.

बाबांनी तो फोटो दुकानाच्या काचेत लावला, जिथे नवऱ्या मुलींचे फोटो असायचे तिथे, अगदी मधोमध. काय गर्दी व्हायची! नागपूरची बस थांबली की ड्रायव्हर-कंडक्टर उतरून मोजायला यायचे. सातवाले आणि आठवाले असे दोन पक्षच पडले. आठवाले म्हणायचे, डावीकडचा तोही पायच आहे. बाबा गल्ल्यावरून आतल्या बाजूला ओरडायचे, "अवं, आठ की सात?" तू आतून सांगायचीस, "सात. आठवं गवत हाय." आठ म्हणाली असतीस तर फोटो आणखी गाजला असता, पण तू एकदाही म्हणाली नाहीस. मग शाळेतले विज्ञानाचे सर आले. त्यांनी चष्मा वर करून नीट पाहिलं आणि म्हणाले, "वहिनी, हा कमळपक्षी. आणि ही आई नाही बरं का, हा बाप आहे. यांच्यात पिलं बापच सांभाळतो." ते ऐकल्यावर बाबांची जी थट्टा सुरू झाली! पानठेल्यावरून हाक यायची, "काय फोटोवाले, आज पोळ्या गोल झाल्या काय जी?" बाबा लाजायचे आणि खूश व्हायचे, दोन्ही एकदम. आत्यांनी एक प्रत मागून नेली आणि पांढुर्ण्याला त्यांच्या शिलाई मशीनच्या वर लावली. ब्लाउज शिवायला येणाऱ्या प्रत्येक बाईला त्या सांगायच्या, "माह्या भावजयीनं काढला. तलावात उतरून."

त्या दिवसानंतर बाबा दर पावसाळ्यात न मागता एक कोरा रोल तुझ्या देवघराशेजारी ठेवायचे. तू त्याला आधी कुंकू लावायचीस, मग कॅमेऱ्यात भरायचीस.

हे कागद कुठे टाकायचे नाहीत, कुणाला दाखवायचेही नाहीत. म्हणून एक सांगून टाकते. लोक मला विचारायचे, "तू होतीस ना डोंग्यात? तू पाह्यलं ना?" आणि मी हो म्हणायचे. आई, मी ते लटकणारे पाय पाहिलेच नाहीत. पक्षी उठून चालू लागला तेव्हा मी तुझ्याकडे बघत होते. तुझं तोंड उघडं राहिलं होतं, कपाळावर केस चिकटले होते, आणि चेहऱ्यावर असा आनंद होता की त्यात मी नव्हते, धाकटा नव्हता, बाबाही नव्हते. आमच्याशिवायही तुला इतका आनंद होऊ शकतो, हे मला तेव्हा मुळीच आवडलं नव्हतं. आता आवडतं.